कन्हानवाले, कुहीवाले

“दोन्ही गट सारखे कसे आले, मोनाली?” मोठ्या सरांनी निकालाचा कागद टेबलावर ठेवला, तेव्हा चंपतराव चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता.

मोनाली मोठ्या सरांच्या हाताखाली मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि चंपतराव त्या कॉलेजातला कंत्राटी शिपाई. दोन वर्षं तिच्या प्रयोगाची मांडामांड त्याच्याकडेच होती. प्रयोग सांगायला सोपा. नऊ कार्डं, त्यांवर नऊ आकृत्या, कशासारख्याच न दिसणाऱ्या, नुसते वेडेवाकडे फराटे. तीन-तीन आकृत्यांचा एक संच; त्यात पहिलीची जोडी दुसरीशी आणि दुसरीची तिसरीशी, एवढंच पोरांना शिकवायचं. मग विचारायचं, पहिलीशी तिसरीचं काही नातं आहे का? हे न शिकवता कोणाला उमगतं, ते बघायचं. अर्ध्या पोरांना आकृत्यांची नावं सांगायची, अर्ध्यांना मुळीच नाही. नाव मिळालं की नातं लवकर जुळतं, हे मोनालीचं म्हणणं. आणि इथं तर बिननावाची पोरंही नाववाल्यांच्या बरोबरीनं हुशार निघाली होती.

सर आवाज न चढवता बोलत होते, तेच जास्त वाईट. म्हणाले, एक तर तुझं म्हणणंच खोटं, नाहीतर नोंदींत गडबड. सोमवारी समितीपुढं कारण सांग, नाहीतर हा विषय बंद. मोनाली पेनाचं टोपण उघडत-मिटत बसली. तिचा चेहरा चंपतरावाला बघवेना, कारण खरी गोम त्याला ठाऊक होती. ती त्याच्याच जिभेची होती.

सुरुवातीला त्या फराट्यांत तो रोज गोंधळायचा. मग त्यानं आपली सोय आपणच केली. त्यांच्या घराण्यात सुनेला माहेरच्या गावानं हाक मारायची रीत. त्याची बायको साऱ्या मोहल्ल्याची कुहीवाली. देवकी हे नाव रेशन कार्डापुरतं. तशीच त्यानं कार्डांची तीन घरं केली. हे तीन कन्हानवाले, हे तीन कुहीवाले, उरलेले इतवारीवाले. एकदा घर ठरल्यावर कार्ड चुकायची काय बिशाद!

इथवर ठीक होतं. पण शिकवणं झाल्यावर परीक्षेआधी पोरांना दहा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवत. बिननावाची पोरं रडकुंडीला आलेली असायची, डोक्यात काही बसूनच नाही राहिलं म्हणायची. अशा वेळी हा माणूस गप्प राहतोय होय! पाणी देता देता सांगून टाकायचा, ते शिंगाचं अन् ते गाठीचं एका घरचे, दोघंही कन्हानवाले. पोरं हसत आत जायची आणि पटापट उत्तरं द्यायची. त्याला वाटायचं, चला, तेवढंच पुण्य.

आता गप्प राहिला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. एप्रिलात कंत्राट नवं व्हायचं होतं आणि घरात कमावता तो एकटाच. त्यानं ट्रे खाली ठेवला.

“सर, मॅडमचं काही चुकलं नाही. नावं मी सांगतली पोरायले.”

सरांनी चष्मा काढला. किती जणांना, असं विचारलं. सतरा-अठरा तरी असतीन, तो म्हणाला.

“काका, काहून केलं असं?” मोनालीनं विचारलं.

“रडतानी पाहवत नाही मले, मॅडम.”

सरांनी निकालाच्या कागदावर आडवी रेघ मारली. मग मोनालीला म्हणाले, तुझं म्हणणं खरंच दिसतंय, पण असं खरं लिहिता येत नाही. बिननावाच्या गटाचं सारं काम रद्द. नवी पोरं, नव्यानं सुरुवात, सहा महिने गेलेच म्हणून समज. चंपतरावाला त्यांनी सांगितलं, मार्चअखेरपर्यंत कार्डं लाव, तोंड उघडू नको. एप्रिलपासून नव्या कंत्राटाची वाट बघू नको.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुहीकडची भावना नावाची पोरगी बाकावर येऊन बसली. बिननावाच्या गटातली. तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडं पाहिलं.

“काका, तुमी तं रोज लावता हे कार्डं. कोनतं कोनासंग जाते, सांगा नं.”

तिची बोली थेट देवकीच्या माहेरची. चंपतरावाचा जीव तुटला. नाव अगदी ओठावर आलं होतं. काचेच्या दारामागं मोनाली पाठमोरी उभी होती, तिनं वळूनही पाहिलं नाही. त्यानं माठातलं पाणी ग्लासात ओतलं आणि पोरीपुढं धरलं.

“मले काय समजते वं त्यातलं,” तो म्हणाला. “मी आपला शिपाई.”

पोरीला ते पटलं. पाणी पिऊन तिनं ग्लास त्याच्या हातात दिला आणि पुढं त्याला काही विचारलं नाही.