दिसतं तेवढंच

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात लक्ष्मीबाईंचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि दुकानाहून मोठं त्यांचं लेकीचं कौतुक. "माझी ऐश्वर्या हिंगोलीत डॉक्टर हाय. मशीनीत माणूस घातला की आतलं सगळंच्या सगळं सांगते!" बांगड्या भरून घेणाऱ्या प्रत्येकीला हे ऐकावंच लागे. हात लक्ष्मीबाईंच्या ताब्यात, पळणार कुठं?

मग त्यांच्या थोरल्या भावालाच, प्रेमानंददादाला, गुदाशयाचा कॅन्सर निघाला. दादा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा, भारी नटवा माणूस. सीटी स्कॅन बघून एका डॉक्टरने सांगितलं, गाठ पार संडासच्या जागेच्या स्नायूत शिरलीय. ती जागाच काढावी लागेल आणि पोटावर जन्मभराची शौचाची पिशवी लागेल. दादाने ट्रम्पेट माळ्यावर टाकलं. "यापरीस मरण बरं," म्हणाला.

लक्ष्मीबाईंनी त्याला दंडाला धरून लेकीकडे नेलं. ऐश्वर्याने मामाचा एमआरआय काढला, आपल्या वरिष्ठांनाही दाखवला, मग दोघांना समोर बसवलं.

"मामा, हा भाग सीटीत नीट कळत न्हाई, एमआरआयत कळतो. गाठ अन् स्नायू यांच्यामधी जागा शिल्लक हाय. याची मला खात्री हाय."

लक्ष्मीबाईंची छाती फुगली.

"पर बाजूला दोन अवधाणं, म्हंजे लसिकेच्या बारक्या गाठी, सुजल्यात. त्यात कॅन्सर हाय का नुसती सूज, ते फोटोवरून सांगता येत न्हाई. रिपोर्टात तसंच लिहिलंय."

"सांगता येत न्हाई?" लक्ष्मीबाई भडकल्या. "काहून न्हाई येत? एवढं शिकलीस ते कशाला? मामापुढं माझं नाक कापून राहिलीस! सूजच हाय म्हणून लिहून टाक."

"न्हाई लिहिणार, आई."

पोरगी शेवटी आईचीच. तिने एक अक्षर बदललं नाही.

नांदेडचे सर्जन रिपोर्ट वाचत होते तेव्हा लक्ष्मीबाई मान खाली घालून बसल्या होत्या. सर्जननी कागद खाली ठेवला. "जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून लिहिलंय. म्हणजे जिथे खात्री लिहिलीय, तिथे मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. जागा वाचवून ऑपरेशन करू. पिशवी लागेल, पण काही महिन्यांपुरतीच."

ऑपरेशन झालं. काढलेला भाग तपासून आला. त्याच्या कडेला कुठेच कॅन्सर नव्हता, स्नायूला धक्का नव्हता. दोन अवधाणांपैकी एकात निव्वळ सूज होती, दुसऱ्यात मात्र कॅन्सर निघाला. त्यावरची औषधं लगेच सुरू झाली. 'सूजच हाय म्हणून लिहून टाक,' हे आपलेच शब्द आठवून लक्ष्मीबाईंच्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी त्यांना लेकीचा असा अभिमान वाटला, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

उन्हाळ्याच्या लग्नसराईपर्यंत दादाची औषधं संपली होती, पिशवीही निघाली होती. बाजाराच्या रस्त्यावरून वरात चालली होती आणि दादा सगळ्यांत पुढे ट्रम्पेट फुंकत होता, केसांना कलप लावून. सोजराबाई हिरव्या बांगड्या भरून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "लक्ष्मीबाई, तुमची लेक मशीनीत बघून आतलं सगळं सांगते म्हणं?"

"सगळं न्हाई," लक्ष्मीबाई ताठ बसून म्हणाल्या. "दिसतं तेवढंच सांगते. न्हाई दिसत तिथं सख्ख्या आईनं डोळे वटारले तरी सांगत न्हाई. तो म्होरला ट्रम्पेटवाला बघा, माझा दादा हाय. आता ऐका."

आणि त्यांनी सोजराबाईंचा हात घट्ट धरला.