न वाटलेला बटाटा

"हा तर माझ्यापेक्षाही जास्त कण्हतो," मास्तर माझ्या झाकणावर हात ठेवून पुटपुटले. खोटं नव्हतं ते.

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. या शिंपीमास्तरांच्या घरी आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. मास्तरांची बायको, आमच्या बाई, शेजारणींना बोलावून माझा वेग दाखवत. पुढे कौतुक सरलं आणि मी वरच्या फळीवर धूळ खात पडलो.

मग मास्तरांचा घास छातीत अडकू लागला. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ होती. प्रकार दुर्मीळ आहे, पण अगदी सुरुवातीलाच हाती लागलाय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी नलिकेचा खराब भाग काढला आणि जठर वर ओढून उरलेल्या नलिकेला शिवलं. घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "कापड कमी पडलं की आम्हीही खालचंच वर ओढतो." कुणी हसलं नाही. आजाराचं नावही कुणी घेतलं नाही. 'ते', 'मागचं दुखणं', एवढ्यावर भागायचं.

मला फळीवरून खाली काढलं. मास्तरांना थोडं थोडं, पण सारखं खायचं होतं, म्हणून बाई मला दिवसभर फिरवत. गाजर असो की भात, सगळ्याचा एकच बेचव लगदा. माझी पाती बोथट झाली, अंग तापू लागलं. मित्रांनो, दमलेल्या यंत्राला मधूनमधून गार होऊ द्यावं. माणसालाही.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी मऊ घास चावून खायला परवानगी दिली. तरी बाई मला थांबू देईनात. लेकीनं समजावलं, मास्तरांनी विनवलं. बाईंचं पालुपद एकच, टाके अजून कच्चे आहेत.

आज दुपारी माझ्यातून जळका वास आला आणि मी बसलो तो बसलोच. बाई बटण दाबत राहिल्या. मास्तरांनी झाकण काढून उकडलेल्या बटाट्याची अख्खी फोड उचलली.

"अगं, यानं जीव सोडला, तू तरी सोड आता. खाऊ दे मला."

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. बंद पडलो तरी मला ऐकू येत होतं.

"नको. पातळ असलं की अडकत नाही."

"हेही नाही अडकणार."

"आणि अडकलं तर?" बाई खाली बघत म्हणाल्या. "अहो, अडकलं की कळेल ना. मला कळूनच घ्यायचं नाहीये."

"काय?"

बाईंनी मनगट सोडलं नाही.

"कॅन्सर परत आलाय का ते."