डोंगरावरच्या चाळीस मिनिटांची फिर्याद

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ संच आहे आणि मी चिडलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

मी गाणी-बातम्या ऐकवणारा रेडिओ नाही. परीक्षा देऊन परवाना मिळवलेली हौशी माणसं माझ्यासारख्या संचावरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलतात. माझ्या मायक्रोफोनवर एक बटण आहे. ते दाबलं की मी बोलतो, सोडलं की ऐकतो. दोन्ही एकदम मला जमत नाही. आणि मनात कितीही आलं, तरी ते बटण मला स्वतःहून दाबता येत नाही. माझ्या रागाचं मूळ तिथंच आहे.

मला घडवलं रेडिओकाकांनी. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. माझी पेटी एका मोडक्या वजनकाट्याच्या पत्र्याची आहे. एका बाजूला ‘किलो’ ही अक्षरं अजून वाचता येतात. आवाज जुळवायला फिरवायची मोठी खुंटी घरातल्या गॅसच्या शेगडीची आहे. ती नाहीशी झाल्याचं कळल्यावर काकू चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. तांब्याच्या तारेची वेटोळी काकांनी भिंगाखाली एकेक मोजून गुंडाळली. माझा आवाज बेताचाच, पण कान मात्र त्यांनी असे तयार केले, की दुसऱ्या संचांना जिथं नुसती खरखर ऐकू येई, तिथं मला माणूस ऐकू येई.

पुढं काकू गेल्या आणि काकांचे गुडघेही गेले. डोंगर चढणं बंद झालं. मुलगा कामानिमित्त परगावी असे. घरात काका आणि सूनबाई. सूनबाई दवाखान्यात औषधं देण्याचं काम करी. सासऱ्यांकडून शिकून तिनं परीक्षा दिली आणि दर रविवारी मला पाठीवरच्या पिशवीत घालून ती डोंगरावर नेऊ लागली. माथ्यावर अँटेनाची काठी उभी केली की अडवायला काही नसे. लांबलांबची माणसं शेजारी बसल्यासारखी बोलत. घरी काका हातात मावणारा छोटा संच घेऊन ऐकत बसत आणि तिचं इतरांशी बोलणं आटोपलं की हळूच म्हणत, “सूनबाई, आज आवाज नाकातून येतोय. काढा घेतलास का?”

काकांचा एक नियम होता. दुसऱ्याचं बोलणं पुरतं संपल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. तीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता.

आता सेक्रेटरीबद्दल सांगतो. तो आमच्या रेडिओ क्लबचा सेक्रेटरी. त्याचा स्वतःचा संच माझ्या दुपटीनं मोठा आणि नवाकोरा होता, पण कानानं मठ्ठ. क्लबांची स्पर्धा आली. डोंगरमाथ्यावरून सहा तासांत जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधायचा होता. सेक्रेटरी घरी आला आणि काकांना म्हणाला, “तुमचा डबा द्या एक दिवस. क्लबच्या इज्जतीचा प्रश्न आहे.” मला डबा म्हणाला. काका हसले आणि म्हणाले, “न्या की. सूनबाईही येईल.”

त्या दिवशी मायक्रोफोन सेक्रेटरीनं जो धरला तो सोडलाच नाही. सूनबाईनं दोनदा हात पुढं केला. “वहिनी, लय लागलीय, आता तोडू नका. तुम्ही जरा अँटेनाकडं बघा,” असं म्हणून त्यानं तिला पिटाळलं. काठीचा एक दोर खरोखरच सैल झाला होता. ती माथ्याच्या पलीकडच्या टोकाला खडकाला दोर बांधायला गेली. तिथल्या वाऱ्यात तिला आमचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सेक्रेटरीनं श्वास घ्यायला बटण सोडलं आणि मला काकांचा आवाज आला. अगदी बारीक.

“सूनबाई... जरा...”

“कोण ते मध्येच? काका का? स्पर्धा चालू आहे, मागाहून या,” सेक्रेटरी म्हणाला आणि लगेच पुढच्या माणसाला त्यानं हाक घातली.

काका पुन्हा आले. “अहो, मी पडलो...” एवढं मी ऐकलं. मी ते स्पीकरमधून बाहेरही टाकलं. पण सेक्रेटरी तेव्हा वहीत आकडे लिहीत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता. पुन्हा त्यानं बटण दाबलं आणि माझे कान बंद झाले. तो बटण सोडी, तेवढ्या क्षणात काकांचा श्वास माझ्यापर्यंत येई. तो दाबी, की सगळं संपे. माझी पेटी तापली होती. ती उन्हानं तापली असं त्याला वाटलं. त्यानं माझ्यावर टोपी ठेवली.

वाऱ्यानं पुन्हापुन्हा सुटणारा दोर पक्का करून चाळीस मिनिटांनी सूनबाई परतली. सेक्रेटरी खुशीत होता. “वहिनी, एकशे बारा झाले. मध्येच तुमचे सासरे घुसले होते बरं का. म्हटलं, मागाहून या.”

सूनबाई जागच्या जागी थांबली. “बाबा मध्ये बोलले? दुसऱ्याचं चालू असताना?”

“हो ना. म्हातारपणी माणूस विसरतो.”

“बाबा विसरत नाहीत,” ती म्हणाली आणि तिनं त्याच्या हातातून मायक्रोफोन ओढून घेतला. तो “अहो, अहो” करत राहिला. तिनं सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि काकांना हाक मारली. मग बटण सोडून ती माझ्यावर वाकली.

काकांच्या संचाची बॅटरी संपत आली होती. शब्द पोचत नव्हते. पण त्यांनी बटण दाबलं की माझी खरखर क्षणभर थांबे. तिनं ते ओळखलं.

“बाबा, हो असेल तर दोनदा दाबा. पडलात का?”

खरखर दोनदा थांबली.

“घरात आहात?”

काही नाही.

“गच्चीवर?”

दोनदा.

डोंगरावर फोन लागत नव्हता. शंभरेक किलोमीटरवरचा एक गॅरेजवाला हे सगळं ऐकत होता. तो पुढं झाला. “ताई, शेजाऱ्यांचा नंबर सांगा, मी लावतो.” तिनं सांगितला. शेजारी गच्चीवर पोचले तेव्हा काका कठड्याशी आडवे पडलेले होते. गच्चीवरची अँटेना सरळ करायला स्टुलावर चढले आणि कोसळले. खुब्याचं हाड मोडलं होतं, वर डोक्यावर भर दुपारचं ऊन. फोन खाली जेवणाच्या टेबलावर. ते वाचले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या क्लबला कप मिळाला. सभा भरली. मला पुसून, रिबीन लावून टेबलावर मांडलं. सेक्रेटरी उभा राहून म्हणाला, “स्पर्धा सुरू असताना आमच्या क्लबनं एका ज्येष्ठ सभासदाचे प्राण वाचवले.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या पत्र्यावर खिळ्यासारख्या वाजत होत्या.

सूनबाई उठली. संपर्कांची वही तिनं हातात घेतली आणि सेक्रेटरीच्या अक्षरातली एक ओळ मोठ्यानं वाचली. “अकरा दहा. अडथळा.” पान उलटून पुढं वाचलं. “अकरा चौदा. पुन्हा अडथळा.” वही तिनं कपाशेजारी उघडीच ठेवली. “हा अडथळा म्हणजे माझे सासरे.”

सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, घरचं चारचौघांत कशाला?”

“घरचं नाही. तुमच्या वहीतलं आहे.” माझी रिबीन सोडून तिनं ती टेबलावर ठेवली आणि मला काखोटीला मारून ती बाहेर पडली.

पुढं सेक्रेटरी काकांना भेटायला आला. तासभर बसला आणि तासभर बोलला. त्या दिवशी वारा किती होता, आपली किती धावपळ झाली, लोक कसे गैरसमज करून घेतात. काकांना पाणी हवं होतं. त्यांनी दोनदा हात उचलला, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो गेल्यावर काका म्हणाले, “जाऊ दे गं. मनानं वाईट नाही तो.”

काकांनी त्याला माफ केलं. मी केलेलं नाही.

मित्रांनो, मला पुसा, उन्हात ठेवू नका, असं मी सांगणार नाही. थोडी धूळ मला चालते. माझी मागणी एकच आहे. तुमच्या हातात बोलण्याचं साधन आलं, तर ते मधूनमधून सोडत जा. पलीकडं कोणी बारीक आवाजात काही म्हणत असेल, तर आधी त्याचं काय ते विचारा. तुमचे आकडे मागाहून मोजता येतील.

रेडिओकाकांच्या गच्चीला चौदा पायऱ्या आहेत. काका आता पहिल्या पायरीवर बसतात आणि वर, गच्चीच्या दाराकडं बघत राहतात.