खंडेनवमीला थांबवलेलं मशीन

भैयाजींनी सर्व्हर बंद केला तो खंडेनवमीला, आणि बंद केला तो हळदीकुंकू वाहण्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं आणि त्यात त्यांचा वाईट हेतू काडीचाही नव्हता. वाईट हेतू असता तर निदान चिडायला तरी कोणी मिळालं असतं.

भैयाजी म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी हे जरा मोठंच नाव झालं. हिंगणा रोडवर एका वरच्या मजल्यावर आम्ही चार टाळकी बसतो आणि लोकांच्या वेबसाइट बनवतो. भैयाजींच्या वडिलांचं हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप होतं. तिथे खंडेनवमीला मशीन थांबायचं, पुसलं जायचं, त्याला तेल मिळायचं, झेंडूचा हार चढायचा, आणि दसरा उजाडेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही. वर्कशॉप गेलं, लेथ भंगारात गेलं, रीत राहिली. भैयाजी दरवर्षी भोसल्यांच्या काळातली म्हणून सांगितली जाणारी घरची तलवार चादरीत गुंडाळून ऑफिसात आणतात आणि आमच्या कीबोर्डांशेजारी मांडतात. मी पूजेला नसते, पेढ्याला असते. कोपऱ्यातल्या सर्व्हरला आजवर चालू असतानाच गंध लागायचं. यंदा त्यांना वाटलं, बिचारा कधीपासून अखंड राबतोय, एक दिवस त्यालाही आराम द्यावा. त्यांनी बटण दाबून धरलं आणि दिला.

मी त्या दिवशी रजेवर होते. दीक्षाभूमीजवळच्या आमच्या मंडपात बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गळ्यात आधीच नावं नोंदवून छापलेली कार्डं घालत होते; ती उघडून बघायची वेळ दसऱ्याच्या गर्दीतच यायची.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नसते. गावोगावहून माणसं येतात, आणि त्यातली काही दरवर्षी हरवतात. जरीपटका वस्तीतल्या आम्ही काही जणांनी म्हणून मैत्री पथक काढलं. आमच्याच ऑफिसातल्या केयूरने त्यासाठी प्रोग्राम लिहून दिला, भैयाजींनी त्याला सर्व्हरवर फुकट जागा दिली. गळ्यात एक कार्ड, कार्डावर चौकोनी कोड. कोणीही मोबाइल धरला की त्या माणसाचं नाव आणि घरच्यांचा फोन दिसणार. कार्डावर नंबर छापायचा नाही हे आम्हीच ठरवलं होतं. आधी छापायचो, तर कोणा रिकामटेकड्यांनी बायकांचे नंबर उतरवून घेऊन महिनोन्‌महिने त्रास दिला होता.

एक कार्ड माझ्या वडिलांच्या गळ्यात होतं. बाबा, म्हणजे आनंदराव, हिंगण्याच्या कारखान्यात आयुष्यभर पाळ्या करून निवृत्त झाले आणि मग हळूहळू विसरू लागले. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. आता नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाहीत. पहाटे मात्र डबा मागतात आणि कंपनीच्या बसची वाट बघत फाटकाशी उभे राहतात. आई त्यांच्या बनियनला आतून सेफ्टीपिनने एक चिठ्ठी लावायची, आमचा नंबर लिहिलेली. दसऱ्याच्या सकाळी ती मी काढली. म्हटलं, आता कार्ड आहे, गर्दीत पिन टोचेल.

आईबाबांना घेऊन मी मंडपात पोचले तर धम्मानंद, आमच्या पथकातला सगळ्यात धावपळ्या मुलगा, मोबाइल हातात धरून उभा.

"जय भीम, ताई. कार्ड उघडूनच नाही राहिलं. सकाळपासून गोल गोल फिरते अन् एरर देते."

मी भैयाजींना फोन लावला. ते मुहूर्तावर सर्व्हर सुरू करून नुकतेच ऑफिसातून घरी निघाले होते.

"हिरवा लाइट लागला आहे नं मेघा, मीच लावला," ते म्हणाले. "काल दिवसभर आराम दिला त्याले. आता तर चांगला चालाले पाहिजे."

आईला म्हटलं, बाबांचा हात सोडू नकोस, मी तासाभरात येते. तासाभरात! अशी मी शहाणी.

ऑफिसात टेबलांवर झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि सर्व्हरच्या कपाळावर हळदीकुंकू. मी टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, काळी खिडकी उघडली आणि प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञा दिली. उत्तर आलं, अशी आज्ञाच सापडत नाही. केयूरने तो स्वतःच्या खात्यातून हाताने सुरू केलेला होता, आणि तो नोकरी सोडून परदेशी गेल्यावर नियमाप्रमाणे त्याचं खातं काढलं गेलं होतं, त्याबरोबर ती आज्ञाही गेली होती. मशीन बंद पडून उठलं तर प्रोग्राम आपोआप उठावा, एवढी सोय करायला दोन ओळी लागतात. त्या त्याने लिहिल्या नव्हत्या, आणि लिहिल्या का म्हणून कोणी विचारलंही नव्हतं. चालू आहे ना, मग हात लावू नका, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात आवडता मंत्र.

मी लागणारं सगळं नव्याने बसवायला घेतलं. तेवढ्यात आईचा फोन आला.

"मेघा, बाबा दिसून नाही राहिले वं."

"म्हणजे?"

"मी पानी घ्याले वाकली. एका हातात गिलास होता. हात सुटला, अन् पाहतो तं नाहीच. आवाज देऊन राहिली मघापासून."

"पोलिसांच्या मंडपात सांगितलं?"

"सांगितलं. माइकवर नाव बी घेऊन राहिले. पण त्यायले नाव कुठं समजते?" आईचा आवाज बारीक झाला. "तुझं कार्ड आहे नं गळ्यात. कोनी पाहीन अन् फोन लावीन. हो नं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिथे धावत जावं की इथे बसावं, हे मला ठरवावं लागलं. तिथे हजारो डोळे होते, माझ्या दोन डोळ्यांनी काय फरक पडला असता? इथे मात्र मीच होते. मी बसले. भैयाजींना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी जातो त्यायले पाहाले. तू तुझं कर." दसऱ्याचं जेवण टाकून तो माणूस स्कूटरवर निघाला.

पुढचा एरर: मॉड्यूल सापडत नाही. प्रोग्रामला लागणाऱ्या तयार भागांचा अख्खा फोल्डरच जागेवर नव्हता. नसलेल्या भागांवर प्रोग्राम कालपर्यंत चालत कसा होता, हे मला आधी कळेना, मग कळलं. प्रोग्राम एकदा सुरू झाला की लागेल ते मेमरीत उचलून घेतो. मागाहून खालच्या फाइली कोणी पुसल्या तरी त्याला पत्ता नसतो, तो आपला चालत राहतो. त्याला मारायचं असेल तर एकच उपाय, एकदा थांबवायचं. आम्ही हार घालून थांबवलं.

मी एकेक भाग उतरवू लागले. एक बसला की दुसरा रुसायचा. याला जुनी आवृत्ती हवी, त्याला नवी. जुनी मिळेना, नवी दिली तर तिसरा तुटे. लाल ओळींनी पडदा भरायचा, मी पुसायचे, पुन्हा भरायचा. मध्येच आईचा फोन यायचा, "झालं का वं?" आणि मी खेकसायचे, "करून राहिली ना मी!" तिच्यावर कशाला खेकसायचं? पण खेकसले.

दुपार कलली तेव्हा एकच एरर उरला. 'ओळख' नावाचा भाग सापडत नाही. हा जगात कुठेच मिळणार नव्हता, कारण तो केयूरने स्वतः लिहिला होता. कार्डावरच्या कोडवरून माणूस कोणता हे तोच भाग सांगायचा. आमच्याकडे सगळी नावं होती, सगळे फोन होते, आणि कुठलं कार्ड कोणाचं हेच कळायला मार्ग नव्हता. केयूरला मी सकाळपासून निरोपांवर निरोप टाकले होते. त्याचं उत्तर आता आलं. "अगं डिस्क भरली होती, जाताना तो फोल्डर मी उडवला. चालू होतं सगळं, म्हणून लक्षात नाही आलं. सॉरी यार." खाली हात जोडलेलं चित्र.

मी फोन टेबलावर आपटला आणि रडले. मोठ्याने रडले, ऐकायला कोणी नव्हतं. तलवार होती फक्त.

भैयाजींचा फोन आला. "हिंगण्याच्या बसस्टॉपवर बी पाहून आलो मेघा. गेटवरच्या वॉचमनले फोटो दाखवला. नाही आले तिकडं. तुझं होऊन राहिलं का काही? एखादा तरी फोन लागू दे कोनाचा."

एखादा तरी फोन. मी पडद्याकडे बघत बसले. माणूस ओळखायची गरजच काय होती? कोणतंही कार्ड उघडा, समोर एकच साधं पान यावं: या व्यक्तीसोबत थांबा, मैत्री पथकाच्या या नंबरवर फोन करा. ना 'ओळख' लागणार, ना मॉड्यूल, ना केयूर. मी ते पान लिहून लावलं. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. हे सकाळी पहिल्या एररलाच करता आलं असतं. पण मला दुरुस्त करायचं होतं ना. जसं होतं तसं, व्यवस्थित. सकाळपासून मी बाबांना शोधतच नव्हते, एरर शोधत होते.

पान लागलं आणि धम्मानंदकडचा पथकाचा फोन खणखणू लागला. भिवापूरची एक आजी सापडली. मग एक लहान पोरगी. मग कोणाचे काका. तो दर वेळी मला कळवत होता, आणि दर वेळी मी विचारायचे, "बाबा?" आणि तो म्हणायचा, "नाही ताई, अजून नाही."

तेव्हा मी ते केलं जे करायला नको होतं. आमच्या सर्व्हरच्या दारावर एक वेगळा छोटा प्रोग्राम असतो, चौकीदारासारखा. कोण आलं, काय मागितलं, मिळालं की नाही, एवढंच तो टिपून ठेवतो. भैयाजींनी मशीन सुरू केलं तेव्हा हा आपोआप उठला होता आणि आतलं घर रिकामं असताना दिवसभर दारात उभा होता. बाबांच्या कार्डावरचा कोड माझ्या मोबाइलमधल्या फोटोत होता. तो मी त्याच्या नोंदींत शोधला.

सापडला. भर दुपारी, मी जुन्या-नव्या आवृत्त्यांशी भांडत होते तेव्हा, कोणीतरी बाबांचं कार्ड उघडलं होतं. मिळालं नाही. त्याच फोनवरून लगेच पुन्हा. मिळालं नाही. पुन्हा, पुन्हा. मग जरा खंड, मग दुसऱ्याच एका फोनवरून. म्हणजे त्याने शेजारच्याला म्हटलं असेल, तुमच्या मोबाइलवर बघा बरं. मग परत पहिल्यावरून. कोणीतरी माझ्या बापाला थांबवून, त्याच्या छातीवरचं कार्ड हातात धरून, उन्हात बराच वेळ उभं होतं. नाव विचारलं असेल. बाबा हसले असतील, ते अनोळखी माणसाकडे बघून छान हसतात. कदाचित म्हणाले असतील, माझी बस येऊन राहिली. त्या माणसालाही घर होतं, सोबतची माणसं होती, त्यालाही परतीची गाडी होती. त्या सहृदय माणसावर मी कशी चिडू? त्यानंतर त्या कोडची एकही ओळ नव्हती. माझं पान लागल्यावर तर नव्हतीच.

खाली रस्त्यावर सोनं वाटणाऱ्या पोरांचा गलका सुरू झाला होता. मी उठून स्कूटरची किल्ली घेतली, तेवढ्यात आईचा फोन आला.

"धम्मानंद सांगून राहिला, चालू झालं म्हणते तुझं."

"हो आई. झालं."

"मले माहीत होतं तू करशील म्हणून." ती दमलेली होती, पण आवाजात किती दिवसांनी असा धीर होता. चिठ्ठीचं ती काही बोलली नाही. दिवसभरात एकदाही बोलली नाही. "म्हणजे आता कोनी त्यायचं कार्ड पाह्यलं का लगेच फोन येईन?"

पडद्यावर त्या ओळी तशाच होत्या.

"येईल," मी म्हटलं.

"मंग ठेव तू. बोलू नको आता जास्त. लाइन बिझी राहीन, अन् नेमका त्याच टायमाले यायचा फोन."