लवंगेची बाजू

मी भीमाबाईचा ओव्हन बोलतोय. हल्लीचा काचेच्या दाराचा, आकडे दाखवणारा, काम झालं की शिट्टी मारणारा चौकोनी ओव्हन नव्हे. मी गोल आहे, अ‍ॅल्युमिनियमचा. झाकणावर वाटीएवढी काच, तळाशी कडेकडेनं फिरलेली कॉइल आणि मागं एक वायर, एवढाच माझा संसार. किती अंशांवर काय भाजायचं ते मला कळत नाही. मला वास कळतो. वासात मी आजवर कधी चुकलेलो नाही, आणि माझा घात झाला तोही मला आधी वासावरूनच कळला.

सोलापुरात नव्या पेठेतल्या एका दुकानात मी मांडणीवर बसून होतो. दिवाळीची गर्दी होती. लोक येत, माझ्या काचेत डोकावून बघत आणि मिक्सर घेऊन जात. भीमाबाई आली आणि तिनं सरळ झाकण उघडून कोपरापर्यंत हात आत घातला. तळ चाचपला, कडा चाचपल्या, मग दुकानदाराला म्हणाली, "ह्यात नानकटाई नीट हुईल का? खरं सांगा, न्हाईतर उद्या परत आणून टाकीन." मला ती तिथंच आवडली.

तेव्हा ती एका शाळेत शिपाई होती. घंटा देणं, वर्ग उघडणं, पाण्याच्या टाक्या भरणं ही तिची कामं. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी ती डबाभर नानकटाई घेऊन शाळेत जायची. प्रत्येक नानकटाईच्या मधोमध एक लवंग खोचलेली. लोक चारोळी लावतात, पिस्ता लावतात. भीमाबाई लवंग लावायची. "ही माझी सही हाय," म्हणायची. शाळेतल्या बाई तिच्याकडे कृती मागायच्या आणि ती खुशाल सगळी सांगायची, पण त्यांची नानकटाई काही तशी व्हायची नाही, कारण त्यांच्याकडे मी नव्हतो. हे मी फुशारकीनं सांगतोय, पण खोटं सांगत नाही.

तिचं माझ्याशी बोलणंही चालायचं. नवरा लवकर गेला, पोरगा धम्मदीप दिवसभर बाहेर. मग घाणा माझ्या पोटात सरकवला की ही समोर पाटावर बसायची आणि शाळेत कोण कुणाला काय बोललं ते मला सांगायची. तिची कितीतरी गुपितं मी ऐकली. एकही बाहेर गेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, ओव्हन कुठं बोलतो? खरंय. पण बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो.

मग तिला साखरेचा आजार निघाला आणि मला माळ्यावर टाकलं. सात वर्षं. माझ्या पोटात आधी चकलीचा सोऱ्या ठेवला, मग जुने बल्ब, मग धम्मदीपची दहावीची पुस्तकं. मी राग धरला नाही. तिची तब्येत महत्त्वाची होती.

मला खाली काढलं ते प्रतिक्षानं. प्रतिक्षा म्हणजे धम्मदीपची बायको. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. धम्मदीप पाणीपुरवठ्यात, त्याची ड्युटी कधी पहाटे तर कधी दुपारी. त्यामुळं सासूचं औषधपाणी हिच्याकडेच. सासूला ती आत्या म्हणते.

भीमाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. उजवा तर पार पिकलेला. दारात कोण आलंय ते त्या माणसानं तोंड उघडल्याशिवाय तिला कळायचं नाही. मागच्या साली आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तेव्हा ती एकटीच विहारात निघाली आणि दोन गल्ल्यांवर गटारीत पाय जाऊन पडली. तेव्हापासून तिचा एकच ध्यास होता. यंदाच्या त्याच पौर्णिमेला कुणाचा हात न धरता विहारापर्यंत चालत जायचं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखही दिली, दसऱ्याच्या आधीची. अट एकच, उपाशीपोटी साखर दीडशेच्या आत पाहिजे.

"आत्या, गोड सोडायचं म्हटलं की तुम्ही लपूनछपून खाता," प्रतिक्षा म्हणाली. "त्यापेक्षा मीच तुम्हाला चालेल असं गोड करते की. मोबाईलवर बघितलंय. सफरचंद भाजून करतात, वरून ओट्सचा थर."

"सफरचंद कशाला? पेरू हायत की बाजारात ढिगानं," भीमाबाई म्हणाली. "आन् ओट बीट मला नको. ज्वारी घाल."

असा तो पदार्थ ठरला. पावसाळा सरत आला की मंद्रूपकडून पेरूच्या गाड्या येतात. प्रतिक्षा घट्ट पण पिवळे पडलेले पेरू निवडून आणायची. बिया काढायच्या, फोडी करायच्या, त्यावर दालचिनी, सुंठ आणि लिंबू. गोडीला भिजवून वाटलेले दोनच खजूर. वरती ज्वारीचा भरडा, शेंगदाण्याचा जाडसर कूट, तीळ आणि दोन चमचे तूप चोळून त्याचा थर द्यायचा. गूळ नाही, साखर नाही. ज्वारी तांबूस झाली आणि कडेनं पेरूचा रस बुडबुडला की झालं. आत्यांच्या वाट्याला एक छोटी वाटी, फक्त रविवारी, आणि त्या दिवशी भाकरी अर्धी कमी. हे सगळं ती वहीत लिहून ठेवायची.

पहिल्या रविवारी तो वास घरभर सुटला तेव्हा मला भरून आलं. सात वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी शिजत होतं. भीमाबाई समोर पाटावर येऊन बसली, पूर्वीसारखी. पण वाटी खाऊन झाल्यावर म्हणाली, "चांगलं हाय." आवाजात काही जीव नव्हता. ते मला कळलं, प्रतिक्षाला कळलं नाही.

दुसऱ्या रविवारी प्रतिक्षानं डबा भरून माझ्यात ठेवला आणि म्हणाली, "आत्या, मी आंघोळ करून येते. तुम्ही दहा मिनिटांनी बटण दाबा." न्हाणीघराचं दार लागलं. भीमाबाई उठली. माझं झाकण उचललं. कमरेची चंची सोडली आणि सुपारीच्या खांडांखालून गुळाचे दोन खडे काढले. डब्याच्या एका कडेला बोटानं ज्वारी बाजूला सारली, गूळ खाली दडपला, वर पुन्हा ज्वारी सारखी केली. दिसत नव्हतं तरी त्या बोटांना काही शिकवावं लागत नव्हतं. मग त्याच जागी वरून एक लवंग खोचली.

"एवढंसंच हाय," ती माझ्या कानाशी लागून म्हणाली. "तू आपला माणूस हायस. बोलायचं न्हाय कुणाला."

आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं! आपला माणूस म्हणाली. मी तिची बाजू घेतली. गुळाचा पाक झाला, कडेवरून उतू जाऊन माझ्या तळावर टपटपला, जळला. मी तो जळका वास ज्वारीच्या वासाखाली जमेल तेवढा दाबून धरला.

वाढताना भीमाबाई म्हणाली, "लवंगेची बाजू मला दे गं."

"तुमची सही वाटतं?" प्रतिक्षा हसली. तिला फार कौतुक वाटलं. तिनं वहीत लिहिलं, आत्या आता आवडीनं खातात.

असे पाच रविवार गेले. दोन खड्यांचे चार झाले. एकदा खोचताना लवंग निसटून माझ्या तळावर पडली, तिनं चाचपून दुसरी खोचली. एकदा प्रतिक्षा मला पुसायला बसली तेव्हा तिला तळावरचा काळा डाग दिसला. भीमाबाई लगबगीनं म्हणाली, "पेरूचा रस हाय त्यो. ऱ्हाऊ दे, मी पुसते." पुसला नाहीच. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मी इशारा तरी द्यायला हवा होता. एखादा दिवस फ्यूज उडवून घ्यायला हवा होता. पण तिनं विश्वासानं सांगितलं होतं ना, बोलायचं नाही म्हणून.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी प्रतिक्षानं स्वतःच्या हातानं सासूचं रक्त काढून नेलं. संध्याकाळी आली ती चपला न काढता ओट्यापाशी उभी राहिली. साखर दोनशे अडतीस होती. डॉक्टरांनी तारीख रद्द केली.

"आत्या, बाहेर काही खाल्लंत का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"न्हाय गं. तुज्या हातचं सोडून कायबी न्हाय."

धम्मदीप नुकताच ड्युटीवरून आला होता. "मग हे भाजलेलंच बाधलं. तुला सांगितलं होतं, असले प्रयोग आईवर करू नको."

प्रतिक्षाचा चेहरा पडला. ती वही उघडून पानं उलटू लागली, कुठं चुकलं ते शोधायला. खजूर मोजले, पेरू मोजले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, आता भीमाबाई बोलेल. सून रडतेय म्हटल्यावर तरी बोलेल.

ती बोलली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तिची काय चूक न्हाय रे. ह्यो ओव्हनच बिघडलाय. लई जुना झालाय. ह्याचं अ‍ॅल्युमिनियम उतरतंय अन्नात, त्यानंच झालं आसंल. टाका त्याला भायेर."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि इथं तर फाशीचं नाव सुचवणारा चोरच होता. वीस वर्षांची सोबत, तिची सगळी गुपितं, तो "आपला माणूस". सगळं एका वाक्यात बाहेर. मला आजही कळत नाही, तिला सुनेसमोर लाज वाटली की पोराची भीती. काही असो. फसवलं ते मला.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपनं मला गाडीवर बांधलं आणि विजापूर वेशीत फकीरभाईंच्या दुकानात नेऊन टाकलं. फकीरभाई इस्त्र्या, मिक्सर, शेगड्या दुरुस्त करतात. "सुटे भाग निघाले तर काढा, नाहीतर मोडीत द्या," एवढं सांगून तो गेला. पौर्णिमेला भीमाबाई प्रतिक्षाचा हात धरून विहारात गेली म्हणे. मी तेव्हा मोडक्या पंख्यांमध्ये उलटा पडलो होतो.

पौर्णिमेनंतर आठवड्यानं प्रतिक्षा दुकानात आली. लॅबमधली शेगडी दुरुस्तीला टाकायची होती. तिनं मला ओळखलं. ती माझ्यापाशी थांबली तसं फकीरभाईंच्याही लक्षात आलं.

"ताई, ये तुमचाच ना? ह्याला कायबी झालेलं नै. कॉइल चांगली, वायर चांगली. फक्त तळाला गूळ जळून बसलाय, निघता निघंना."

"गूळ नाही हो. पेरूचा रस असेल. आम्ही गूळ घालतच नाही."

"ताई, चाळीस साल हे काम करतोय. रस आन् गूळ मला कळत नै?" फकीरभाईंनी पेचकस घेऊन एक खपली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. काळी, काचेसारखी चकाकणारी. आणि त्यात अडकलेली एक लवंग.

प्रतिक्षा त्या लवंगेकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, रडेल. तिनं खपली रुमालात बांधली आणि मला रिक्षात घालून घरी आणलं.

मी मनात म्हटलं, आता तरी माझ्यावरचा आळ जाईल. घरात धम्मदीप होता. "हे कशाला परत आणलंस?" त्यानं विचारलं. प्रतिक्षा म्हणाली, "दुरुस्त झालाय." बस, एवढंच. सासूची अब्रू राखली तिनं. माझी कोण राखणार? दुरुस्त झालाय म्हणजे बिघडला होता, असाच अर्थ झाला ना!

रविवारी तिनं पुन्हा पेरू चिरले. या वेळी आंघोळ आधीच उरकली होती. डबा माझ्यात ठेवून ती पाटावर स्वतः बसली आणि भाजून होईपर्यंत हलली नाही. भीमाबाई चंचीवर हात ठेवून दारात दोनदा येऊन गेली.

वाढून झाल्यावर वाटी सासूच्या हातात आली. भीमाबाईनं बोटानं वरची ज्वारी चाचपली. लवंग हाताला लागली तसा तिचा चेहरा खुलला. तिनं मोठा घास घेतला. चावता चावता थांबली.

"आत्या," प्रतिक्षा हळूच म्हणाली, "आज लवंग मी लावलीय."

भीमाबाईनं घास गिळला. मग म्हणाली, "सुंठ जरा जादा पडलीय," आणि वाटी संपवली. उठताना तिनं चंची सोडून प्रतिक्षासमोर ओट्यावर रिकामी केली. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी आणि गुळाचे तीन खडे. प्रतिक्षानं खडे उचलून गुळाच्या डब्यात टाकले.

त्यानंतर रोज मोजून जेवण, रोज चालणं, रविवारी लवंगेची वाटी. परवा साखर एकशे बेचाळीस आली. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. प्रतिक्षानं पिशवी भरून दारात ठेवलीय. धम्मदीपनं रजा टाकलीय. तो जाता येता मला अजून टपली मारतो आणि म्हणतो, "तुझ्यामुळं दोन महिने उशीर झाला बघ." मी ऐकून घेतो. भीमाबाई तिथंच बसलेली असते. तीही ऐकून घेते.

भीमाबाई, तुझा मोतीबिंदू उद्या निघेल. पुढच्या पौर्णिमेला तू एकटी विहारात चालत जाशील, त्याचा मला आनंदच आहे. पण पट्टी सुटली की आधी इकडं ये. झाकण उघड आणि या वेळी हात घालू नकोस, डोळ्यांनी बघ. फकीरभाईंनाही निघाला नाही असा एक काळा डाग माझ्या तळावर आहे, तुझ्या बाजूला. तो बघ, आणि तुझ्या पोराला एकदाच सांग की ओव्हन बिघडला नव्हता.