अंगठ्याखालचा दाब

परतवाड्याच्या नबी मिस्त्रीकडे फवारणीचा पंप न्या की गवत कापायची मशीन, तो आधी प्लग काढायचा आणि त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. इंजन फिरवायची दोरी मात्र त्याची बायको रहिमाबी ओढायची. भाजी अर्धी टाकून यायची, वरून कुरकुरायची, पण हिसका असा द्यायची की आतल्या हवेनं नबीचा अंगठा उडालाच पाहिजे. उडाला तर इंजन ठणठणीत, नाही उडाला तर खोला. सारी उमर दोघांनी हाच धंदा केला.

गेल्या उन्हाळ्यात रहिमाबी वारली. पोरगा इमाद अकोल्याला, जठारपेठेत. तो मागेच लागला, दुकान बंद करा आणि इकडे या. पण नबी कसला ऐकतो! "मेरा काम मैं अकेला कर लेता," हेच त्याचं पालुपद. खरं तर रिकामं घर त्याला खायला उठायचं. दुकानात निदान हात गुंतलेले असायचे. तेही गेलं तर परतवाड्यात आपलं म्हणून काही उरणार नाही, ही त्याची भीती.

तर परवा गजेंद्र आला, एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर कामाला असलेला. लग्न तोंडावर आलेलं, गवत वाढलेलं आणि मशीन चालू व्हायला तयार नाही. ती ठेवून तो गेला.

नबीनं प्लग काढला, डावा अंगठा भोकावर ठेवला, उजव्या हातानं दोरी ओढली. अंगठ्याला नुसती फुंकर लागली. भोकातून ऑइलचे थेंब सोडून पुन्हा ओढली. पिस्टनची रिंग झिजली असती तर ऑइलनं दाब वाढला असता, पण वाढला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह गळतो. हेड खोललं, व्हॉल्व्ह घासले, सारं परत जोडलं. फुंकर तेवढीच.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र आला तेव्हा नबीनं हात टेकले होते. "इंजन गेलं, गजूभाऊ. भंगारात दे."

"असं कसं चाचा? मागच्या हप्त्यात तं चांगली चालत होती. धरा बरं अंगठा, मी ओढतो."

गजेंद्रनं हिसका दिला आणि नबीचा अंगठा फाडकन उडाला.

"अजून ओढ," नबी म्हणाला. पुन्हा उडाला. मग त्यानं स्वतः ओढून पाहिली. फुंकर.

दोरी हळू ओढली की दाब बनतच नाही, हे नबीनं कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण इतकी वर्षं दोरी रहिमाबीच्या हातात, आणि ती गेल्यावर गिऱ्हाईकच ओढून द्यायचं. आपल्या दंडातला जोर कधी गेला, हे त्याला कळायचं कसं? खरा बिघाड निघाला कार्बोरेटरमधला कचरा; पेट्रोलच पुढे जात नव्हतं. तो साफ केला, गजेंद्रनंच मशीन चालू केली आणि खुशीत घेऊन गेला. नबीला मात्र शरम वाटत होती. लोकाची चांगली मशीन तो भंगारात घालत होता.

संध्याकाळी इमादचा फोन आला. "अब्बा, सब ठीक?"

"नहीं बेटा," नबी म्हणाला. "मेरे से अब अकेले नहीं होता. आके ले जा मुझे."