भोंगा

तिने सिमकार्डावर चालणारा राउटर कपाटावरून उचलून खिडकीत ठेवला आणि वळून टॅबकडे पाहिलं. पडद्यावर गोठलेल्या बाई पुन्हा हलू लागल्या.

पलंगावर उशीला टेकून नवरा बसला होता. जन्मभर बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारा माणूस. गल्लीत त्याला भोंगाच म्हणत. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्या गळ्यातून नुसती घरघर निघायची. इस्पितळ लांब, जिने उतरवणं कठीण. म्हणून बोलायला शिकवणाऱ्या बाई टॅबवर यायच्या. त्या विचारायच्या त्याला, उत्तर द्यायची ही.

"काका, तहान लागली तर काय मागाल?"

त्याचे ओठ थरथरले.

"पाणी म्हणायचंय त्यांना," ती घाईने म्हणाली. "काल अगदी जवळ आले होते हो."

"काकू, परीक्षा त्यांची आहे. तुम्ही किती पेपर लिहिणार?"

ती ओशाळून हसली. तेवढ्यात बाईंचा चेहरा गोठला आणि पडद्यावर चाक फिरू लागलं.

"झालं कल्याण!"

ती ताडकन उठली. संपर्क असाच तुटत राहिला तर काकांना इस्पितळातच दाखल करावं लागेल, असं बाईंनी बजावलं होतं. तिथे सोबत राहायची सोय नव्हती. दिवसभर अनोळखी माणसांत, आणि तोंडातून शब्द नाही.

"अहो, आलेच मी," म्हणत तिने वायर ताणत राउटर गॅलरीत नेला. स्टुलावर चढून दोन्ही हातांनी उंच धरला. एक हिरवा दिवा लागला. मग दुसरा.

आतून खरखर झाली.

"हॅलो? काकू? आवाज येतोय का?"

तिने ओरडायला श्वास घेतला.

"ये... तोय."

जाड, फाटका आवाज. पण शेवट लांबवलेला, फलाटाच्या पार टोकापर्यंत पोचवायचा असावा तसा.

बाईंनी लगेच विचारलं,

"कोण बोललं?"

"मी."

तिचे हात भरून आले होते. डोळे पुसायलाही एक हात मोकळा नव्हता.

"काका! अहो, काका!" बाईंचा आवाज चढला. मग त्यांनी स्वतःला सावरलं. "बरं, मला सांगा, काकू कुठे गेल्यात?"

ती स्टुलावर तशीच उभी राहिली, उत्तराची वाट बघत.